अंतराळयानाचं गलबत करताना

या वेळची सगळी पत्रं एकाच विषयावर आहेत: टीव्हीवरची आवडती विज्ञानकथा मालिका घेऊन तिच्यावर डंजन्स अँड ड्रॅगन्सचं फॅन्टसी कॅम्पेन कसं रचायचं. पत्रं लिहिणारे सगळे पाचवी आवृत्ती खेळतात, म्हणून उत्तरांतले आकडे त्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांचे आहेत. नव्या वाचकांसाठी: हा फाशांवर आणि गोष्टीवर चालणारा, पात्रं घेऊन खेळायचा खेळ आहे. डीएम म्हणजे खेळ चालवणारा, सेशन म्हणजे खेळाची एक बैठक, आणि कॅम्पेन म्हणजे अनेक बैठकांत चालणारी एक गोष्ट.

‘बॅटलस्टार गॅलेक्टिका’ (२००४ ची) म्हणजे आमच्या पाच जणांचा जीव की प्राण. तिचं फॅन्टसी कॅम्पेन करायला घेतलं. यानांची गलबतं केली, सायलॉनांचे (तिथल्या शत्रू यंत्रमानवांचे) ऑर्क, म्हणजे फॅन्टसीतले राक्षसी लढवय्ये केले. दुसऱ्याच सेशनला सगळं नेहमीच्या चाच्यांच्या गोष्टीसारखं वाटायला लागलं. कुठे चुकलं?
— एक डीएम, फोंडा

चूक ऑर्कांपाशी झाली. मालिकेतले सायलॉन बाहेरून आलेले नाहीत. माणसांनीच त्यांना कामासाठी घडवलं, ते उलटले, युद्ध झालं, तह झाला आणि चाळीस वर्षांनी ते परतले. त्या हल्ल्यातून वाचलेली माणसं यानांच्या ताफ्यातून पळत आहेत. प्रत्येक हल्ल्यामागे ‘हे आपल्याच हातचं आहे’ अशी टोचणी असते. ऑर्क आणले की ती टोचणी जाते आणि मागे होड्या नि तलवारी तेवढ्या उरतात. मालिकेतली एखादी वस्तू उचलताना ती दिसते कशी यापेक्षा ती माणसांना काय करायला लावते, ते आधी कागदावर लिहून काढा. यानाला पंख आहेत की शिडं, याने फारसं बिघडत नाही. त्यातून उतरायला जागा नाही, हे मात्र सुटता कामा नये.

तुम्ही फोंड्याचे, तेव्हा शत्रू शोधायला लांब जायला नको. दिवाळीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यावर नरकासुर उभे राहतात. बांबूचा किंवा लोखंडाचा सांगाडा, आत गवत, वर कागदाचे थर, रंगवलेला मुखवटा. पोरं कित्येक रात्री जागून ते करतात आणि पहाटे जाळून टाकतात. आता कल्पना करा, बारा गावांच्या एका मुलखात एका वर्षी नरकासुर इतके देखणे झाले की जाळायला कुणाचा हात धजला नाही. ठेवून घेतले. मग हळूहळू त्यांना शेतावर राखणीला उभं केलं, बंदरावर ओझी उचलायला लावलं. जे जाळण्यासाठीच घडवलं होतं, त्याला हे कळलं तेव्हा काय झालं, ते तुमचं कॅम्पेन.

मालिकेत माणसांसारखे दिसणारे सायलॉन बारा प्रकारचे आहेत आणि त्यातल्या बहुतेक प्रकारांच्या अनेक प्रती आहेत. एक मेला की त्याची जाणीव दुसऱ्या प्रतीत जागी होते. इथे ते मुखवट्याच्या साच्यावर बसवा. कागदाच्या लगद्याचे मुखवटे एकाच साच्यातून कितीही निघतात, म्हणून बारा साचे म्हणजे बारा चेहरे. जाळलेला नरकासुर त्याच साच्यातल्या दुसऱ्या मुखवट्यामागे डोळे उघडतो. खेळाडूंना हे कळायला पाच-सहा सेशन लागू द्या. कळलं की ‘साचे कुठे आहेत?’ हे कॅम्पेनचं पुढचं उद्दिष्ट त्यांचं त्यांनाच सापडतं.

आता मुख्य गोष्ट, दडपण. पहिल्याच भागात शत्रू दर ३३ मिनिटांनी येतो आणि पाच दिवसांहून जास्त काळ कुणाला धड झोप मिळत नाही. टेबलावर ३३ मिनिटं तशीच ठेवलीत तर तासाभरात खेळाडू कंटाळतील. त्याऐवजी समुद्राचं घड्याळ घ्या. आपल्या किनाऱ्यावर एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे पाणी दर सव्वासहा तासांनी पालटतं. पालटाच्या वेळी ते थोडा वेळ स्थिर असतं. कागदाची शरीरं स्थिर पाण्यावरूनच चालू शकतात, असा नियम करा. शत्रू प्रत्येक पालटाला येणार आणि ताफ्याला दर वेळी नांगर उचलून तासाहून जास्त वेळ हलावं लागणार. लाँग रेस्टला (रात्रभराच्या विश्रांतीला) आठ तास लागतात, दोन पालटांमध्ये सहाच मिळतात. एकही जास्तीचा नियम न लिहिता झोप गेली.

झोप गेली की काय होतं, ते २०१७ च्या पुरवणी नियमांत दिलं आहे. लाँग रेस्टशिवाय २४ तास गेले की कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (काटकपणाचा फासा), डीसी १०: वीस बाजूंच्या फाशाचा आकडा आणि पात्राची भर मिळून दहा तरी व्हायला हवेत. फसला तर एक्झॉशनची (थकव्याची) एक पायरी. पुढच्या प्रत्येक दिवसाला डीसी पाचने वाढतो. +२ सेव्ह असलेलं पात्र पहिल्या दिवशी ६५ टक्के वेळा तरतं, दुसऱ्या दिवशी ४० आणि तिसऱ्या दिवशी १५ टक्के. चौथ्या दिवशीचा डीसी २५ त्याला फाशावर २० पडूनही गाठता येत नाही. म्हणून हा पाठलाग तीन दिवसांत संपवा. तोवर बहुतेकांच्या दोन पायऱ्या झालेल्या असतात: कौशल्याच्या फाशांवर डिसअ‍ॅडव्हान्टेज (दोनदा टाकून कमी आकडा घ्यायचा) आणि वेग निम्मा. तिसऱ्या पायरीला सेव्हवरही डिसअ‍ॅडव्हान्टेज लागतो. तिथून पात्र घसरतच जातं, खेळाडूच्या हातात काही राहत नाही.

तीन दिवसांत साधारण बारा पालट येतात. बाराही खेळू नका, ही हमखास होणारी चूक आहे. पहिला, चौथा, सातवा, दहावा आणि शेवटचा असे पाच नीट खेळा आणि मधले एकेका फाशाने उरका. दोन सेशनमध्ये बसतं. आणि दोन गोष्टी आधीच सांगून टाका. एल्फ चार तासांत लाँग रेस्ट पूर्ण करतो, त्यामुळे एल्फ पात्र ताजंतवानं राहील. राहू द्या, ‘सगळे पेंगत असताना हाच कसा टक्क जागा?’ हा संशय ताफ्यात पसरवायला तो बरा. दुसरं, मंक आणि वॉरलॉक यांची शक्ती शॉर्ट रेस्टवर (तासाभराच्या विश्रांतीवर) परत येते, विझर्ड आणि क्लेरिकची बहुतेक शक्ती येत नाही. विझर्डवाल्या खेळाडूला हे ऐनवेळी कळलं तर तो रागावेल आणि त्याचं चुकणार नाही.

त्याच कॅम्पेनबद्दल. अन्नपाण्याची टंचाई हा मालिकेचा कणा. पण आमच्या ड्रुइडने ‘गुडबेरी’ म्हटलं की टंचाई संपते. तो मंत्र बंद करावा का?
— याच डीएमच्या टेबलावरची एक खेळाडू, कुर्टी

बंद करू नका. माणसं वाढवा. ‘गुडबेरी’च्या एका मंत्रात दहा फळं निघतात आणि एक फळ एका माणसाला दिवसभर पुरतं. पाचव्या लेव्हलच्या ड्रुइडने पहिल्या पातळीचे चारही स्लॉट (दिवसभरात मंत्र म्हणण्याच्या संधी) त्यात घातले तर ४० माणसं जेवतील. त्याच लेव्हलचा क्लेरिक ‘क्रिएट फूड अँड वॉटर’ दोनदा म्हणू शकतो, प्रत्येक वेळी १५ माणसांचं, म्हणजे आणखी ३०. एकूण ७०. ताफ्यात ५० माणसं असतील तर प्रश्न मिटला. ६०० असतील तर प्रश्न आता कुठे सुरू झाला: सत्तर जेवणार, ते सत्तर कोण? यादी कोण करणार? आणि त्या दोघांकडे लढायला मंत्र कमी उरतात, ते वेगळंच.

सहाशे माणसांचा हिशेब करून पाहिला की आणखी एक गोष्ट दिसते. नियमांप्रमाणे माणशी रोज एक पौंड अन्न लागतं, म्हणजे सगळ्यांचं मिळून जेमतेम पावणेतीनशे किलो. तांदळाच्या पोत्यांनी भरलेलं एकच मोठं गलबत हे महिनोन् महिने पुरवील. पाणी मात्र माणशी रोज एक गॅलन, म्हणजे चार लिटरला थोडं कमी. सहाशे जणांना दिवसाला सव्वादोन टनांहून जास्त, आणि उन्हाळ्यात नियमच दुप्पट पाणी मागतो. गळा आवळतं ते पाणी. मालिकेचा दुसरा भाग पाण्याच्या टाक्या फुटण्यावरच आहे, आणि तो तसा का आहे ते हा हिशेब केल्यावर पटतं.

म्हणून टेबलावर चार पट्ट्या ठेवा: पाणी, धान्य, डागडुजी (काथ्या, राळ, शिडाचं कापड, लाकूड) आणि लोकांचा धीर. पाण्याच्या पट्टीत दहा घरं, एक घर म्हणजे साऱ्या ताफ्याचं एका दिवसाचं पाणी. सुरुवात सात घरांवर करा. धान्याचं एक घर दहा दिवसांचं. कुठलीही पट्टी शून्यावर आली की धीर दोन घरं उतरतो, आणि धीर शून्यावर आला की एक गलबत ताफा सोडून जातं. पाणी भरायचं तर नदीत आत शिरावं लागतं. मांडवी-जुवारीत भरतीचं पाणी मुखापासून पुष्कळ आत जातं आणि उन्हाळ्यात खारटपणाही त्याच्याबरोबर चढतो, तेव्हा मुखाशी पिंपं बुडवून भागत नाही. गोडं पाणी लागेपर्यंत आत जायचं किंवा डोंगरउतारावरची झर शोधायची, आणि पुढच्या पालटाच्या आत परतायचं. एवढ्यावर एक अख्खं सेशन उभं राहतं.

गलबतं आठ घ्या. नियमपुस्तकातल्या मोठ्या शिडाच्या जहाजावर वीस खलाशी आणि वीस उतारू मावतात, म्हणजे आठांवर ३२०. तुमच्याकडे सहाशे आहेत. ही दाटी लपवू नका, प्रत्येक प्रसंगात जाणवू द्या. आणि वाचलेल्यांची संख्या पाटीवर खडूने लिहून सगळ्यांना दिसेल अशी ठेवा, मालिकेत राष्ट्राध्यक्षांच्या फळ्यावर असते तशी. कुणी मेलं की डीएमने पुसायचं नाही. ज्या खेळाडूच्या निर्णयाने ते झालं, त्याने उठून आकडा बदलायचा.

अशा ताफ्याचा मूड गोव्यातल्या वाचकांना समजावून सांगावा लागत नाही. सोळाव्या शतकात कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आली. त्या इतिहासाचा खेळ करू नका, तो लोकांच्या श्रद्धेचा भाग आहे. पण एका होडीत मावेल एवढंच उचलायचं असेल तर गाव काय उचलतं, हा प्रश्न घ्या. आठ गलबतांवर आठ गावं बसवा आणि प्रत्येक गावाने बरोबर आणलेली एक वस्तू ठरवा. कुणी बी-बियाणं, कुणी जमिनीच्या नोंदींच्या वह्या, कुणी मांडावरचा दिवा. नोंदवह्या आणणाऱ्या गावाचं आणि बियाणं आणणाऱ्या गावाचं भांडण ठरलेलं.

आमच्या ताफ्यातही माणसांच्या वेशातला शत्रू आहे, आणि तो एका खेळाडूचंच पात्र आहे. क्लेरिकने ‘झोन ऑफ ट्रुथ’ लावला तर सगळं उघडं पडेल. काय करावं?
— मडगाव

उत्तर मालिकेतच आहे: तिथल्या एकीला आपण सायलॉन आहोत हे स्वतःलाच ठाऊक नसतं. ‘झोन ऑफ ट्रुथ’ फक्त जाणूनबुजून खोटं बोलू देत नाही. ज्याला आपण माणूस आहोत याची खात्री आहे, तो ‘मी माणूस आहे’ असं त्या मंत्रातही म्हणू शकतो. मंत्र यशस्वी होतो आणि सगळ्यांची चुकीची खात्री पटते. क्लेरिकची शक्ती कापण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

दोन बारीक जागा सांभाळा. पात्राचा प्रकार ‘कन्स्ट्रक्ट’ (घडवलेला जीव) ठेवलात तर ‘डिटेक्ट ईव्हिल अँड गुड’ मंत्राला तो सापडणार नाही, पण पहिल्या जखमेला ‘क्युअर वूंड्स’ लागू पडणार नाही, कारण तो मंत्र कन्स्ट्रक्टवर चालत नाही, आणि रहस्य तिथेच फुटेल. म्हणून प्रकार ‘ह्युमनॉइड’च (माणसासारखा) ठेवा. आणि खेळाडूला विचारल्याशिवाय त्याचं पात्र शत्रूचं निघालं असं करू नका. सेशन झीरोला (खेळाआधीच्या ठरवाठरवीच्या बैठकीला) सगळ्यांकडून चिठ्ठीवर घ्या: ‘माझ्या पात्राबद्दल मलाच ठाऊक नसलेलं रहस्य असलं तर चालेल / चालणार नाही.’ ‘चालेल’ म्हणणाऱ्यांतून निवडा. सगळेच ‘चालणार नाही’ म्हणाले तर रहस्य डीएमच्या पात्राकडे द्या आणि त्यावर वाद घालू नका.

‘स्टारगेट’सारखा, एका जगातून दुसऱ्या जगात नेणारा दरवाजा हवा आहे. पण दरवाजा आला की खेळाडू संकट दिसताच परत पळतात. त्यांना अडवायचं कसं?
— म्हापसा

दरवाज्यासोबत त्याच्या मर्यादा आणल्या नाहीत, म्हणून ते पळतात. १९९७ ते २००७ चाललेल्या ‘स्टारगेट एसजी-१’ मध्ये पत्ता सात चिन्हांचा असतो, वाट एका वेळी एकाच दिशेची असते आणि ती ३८ मिनिटांहून जास्त उघडी राहत नाही. ज्या बाजूने उघडली त्याच बाजूने आत शिरता येतं. परत यायचं तर पलीकडून पुन्हा पत्ता जुळवायचा. या तीन बेड्यांवर ती मालिका दहा सीझन चालली.

‘टेलिपोर्टेशन सर्कल’ मंत्रात प्रत्येक कायमच्या वर्तुळाचा स्वतःचा चिन्हक्रम असतो, त्यामुळे पत्त्याची कल्पना खेळात आधीपासून आहे. मात्र तो पाचव्या पातळीचा मंत्र आहे, विझर्डला नवव्या लेव्हलला मिळतो. तुमचा दरवाजा त्याआधी हवा, म्हणून तो मंत्र न ठेवता दगडात कोरलेली जुनी रचना ठेवा. रिवणजवळ कुशावतीच्या काठी उसगाळीमळला जांभ्या खडकावर जनावरांच्या आकृत्यांबरोबर एक भुलभुलैयासारखं गोल कोरीवकाम आहे. मालिकेतल्या उभ्या गोल चौकटीपेक्षा तसा जमिनीवर पसरलेला दरवाजा जास्त गूढ वाटतो. बोटाने वाट गिरवत मध्यापर्यंत गेलं की तो उघडतो.

पत्त्यासाठी २७ नक्षत्रं घ्या. तीन वेगवेगळी नक्षत्रं क्रमाने, आणि शेवटी आपल्या जागेचं एक कायमचं चिन्ह. तीन नक्षत्रांचे क्रम १७,५५० होतात. अंदाजाने पत्ता लागत नाही, पण तीनच नावं असल्याने तोंडपाठ करता येतो. चौथं चिन्ह प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं आणि ते तिथे गेल्यावरच शोधावं लागतं. खेळाडू पळून येऊ शकत नाहीत ते एवढ्याचमुळे, आणि तुम्हाला कुठलीही जबरदस्ती करावी लागत नाही.

वेळेसाठी ३८ मिनिटांऐवजी एक घटका ठेवा. घटका म्हणजे २४ मिनिटं, आणि ती मोजायचं साधन तुम्ही घरी करू शकता: घटिकापात्र. पातळ पत्र्याची ॲल्युमिनियमची वाटी घ्या, तळाला मधोमध सुईने भोक पाडा आणि पाण्याने भरलेल्या खोल पातेल्यात ती अलगद सोडा. पाणी भोकातून वर येतं, वाटी हळूहळू जड होते आणि एका क्षणी डबक्कन बुडते. मोबाइलवर वेळ लावून बघा. लवकर बुडाली तर भोक मेणाने बुजवून बारीक सुईने पुन्हा पाडा, उशिरा बुडाली तर किंचित मोठं करा. तीन-चार प्रयत्नांत २४ मिनिटांच्या आसपास येतं. सहसा तीन गोष्टी बिघडतात: पंख्याच्या वाऱ्याने वाटी कलते, भोक मधोमध नसलं तर ती एका बाजूने बुडते, आणि वाटीला तेलाचा हात लागला असला तर सुरुवातीला भोकातून पाणीच चढत नाही. खेळाआधी वाटी राखेने किंवा साबणाने घासून चांगली विसळा. वाटी बुडाली की दरवाजा मिटला. कोण कुठल्या बाजूला राहिलं, ते त्या क्षणी ठरतं आणि त्यावर अपील नाही. मोबाइलचा गजर हे काम करतो, पण वाटीकडे सगळेजण बघत बसतात, गजराकडे कुणी बघत नाही.

मंगळावरच्या काचेच्या घुमटातली वसाहत हा आमच्या आवडत्या मालिकेचा आधार. बाहेर हवा नाही, भिंत फुटली की सगळे मेले. फॅन्टसीत बाहेर हवा असतेच, मग ती भीती कुठून आणायची?
— डिचोली

खाजनातून, म्हणजे नदीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीतून. दिवाडीला, चोडणला किंवा जुवारीच्या काठी बांधावर उभं राहून बघा: एका बाजूला भरतीचं खारं पाणी, दुसऱ्या बाजूला त्याच्याहून खालच्या पातळीवर भाताची शेतं, मध्ये मातीचा बांध. हाच घुमट. आणि मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, हा त्याचा एअरलॉक. मानशीची लाकडी दारं एकाच दिशेला उघडतात. भरती चढली की नदीचं पाणी स्वतःच्या दाबाने ती मिटवतं, ओहोटीला आतलं साठलेलं पाणी ती ढकलून बाहेर पडतं. माणसाने हात लावावा लागत नाही. पण ऐन भरतीच्या आधी दारात एक ओंडका अडकला, की नदी आत. खारं पाणी शेतात राहिलं तर पुढची काही वर्षं साधं भात नीट येत नाही, कोरगुटासारखी खारं सोसणारी जातच लावावी लागते.

कॅम्पेनमध्ये खाऱ्या पाण्याच्या जागी शापित समुद्र ठेवा, ज्याचं पाणी लागलं की माणूस आपलं नाव विसरतो. बांधाला भोकं कोण पाडतं? खरोखरीच्या बांधाला खेकडे आणि उंदीर पाडतात. तुमच्या जगात तसलंच लहान, सामान्य काहीतरी असू द्या, राक्षस नको. आणि भांडण आयतं आहे: मानशीपाशी मासळी पकडण्याचा हक्क लिलावात जातो. मासळीवाल्याला खारं पाणी आत यायला हवं असतं, भातवाल्याला नको असतं. दोघेही पोटासाठी भांडतात. मालिकेतला वसाहतीचा गव्हर्नर आणि खाणमालक यांच्या जागी हे दोघे उभे करा.

लेझर बंदुकीचं फॅन्टसीत काय करायचं, असं तुम्ही पुढे विचारलं आहे, त्याचं थोडक्यात: बंदूक तशीच ठेवली तरी चालते. १९७४ साली हा खेळ आला आणि १९८० सालीच त्यात कोसळलेल्या अंतराळयानाचं साहस छापून आलं. फक्त तिचं नाव सांगू नका. ‘हाताएवढी थंड नळी, एका टोकाला काचेचा डोळा’ एवढंच वर्णन करा आणि बार मोजून द्या, दहाच.

यानाचा बोलणारा कॉम्प्युटर आमच्या गलबतावर राखणदार म्हणून बसवला. कल्पना सगळ्यांना आवडली, पण एक खेळाडू नाराज झाला. आमचं काही चुकलं का?
— पेडणे

कल्पना चपखल आहे. हद्दीची राखण करणारा, रात्री फिरणारा, दिसत नसून असणारा. यानाच्या कॉम्प्युटरचं काम तेच. पण गावोगावी राखणदाराला आजही रोट दिला जातो, वहाणा आणि दांडा वाहिला जातो. खऱ्या गावाच्या राखणदाराचं नाव घेऊन त्याला फाशावर हरवलंत, तर त्या गावच्या माणसाला ते लागणारच. नाव, गाव आणि विधी तिन्ही तुमच्या जगातले करा, आणि त्या खेळाडूला विचारून करा. त्याच्याइतकं त्यातलं दुसरं कुणाला कळणार आहे?

खेळाच्या बाजूने एक सूचना. कॉम्प्युटर सगळं जाणतो, म्हणून खेळाडू दर पाच मिनिटांनी त्यालाच विचारतात आणि डीएम स्वतःच्याच प्रश्नांची उत्तरं देत बसतो. राखणदाराला फक्त गलबताच्या हद्दीतलं कळतं असं ठरवा: कोण चढलं, कोण उतरलं, कुठली फळी कुजली. आणि उत्तर दिवसातून एकदाच, पंचवीस शब्दांत. ‘सेंडिंग’ मंत्राची मर्यादाही तेवढीच आहे, त्यामुळे खेळाडूंना ती ओळखीची वाटते.

दूरदर्शनवरच्या ‘कॅप्टन व्योम’ची आठवण काढून कैदी पकडण्याचं कॅम्पेन करतोय. बारा फरार कैदी. जमेल?
— वास्को

१९९८ ची ती मालिका, मिलिंद सोमणची. तिचा साचा कॅम्पेनला फार सोयीचा आहे, कारण एक कैदी म्हणजे एक गोष्ट, आणि एखादा खेळाडू आला नाही तरी अडत नाही. आकडा मात्र कमी करा. एका कैद्याला दोन सेशन धरली तर बाराला चोवीस. दर रविवारी बसलात तरी चवथ, दिवाळी आणि परीक्षा धरून आठ महिने. सात कैदी ठेवा, त्यातले दोन एकत्र राहणारे.

प्रत्येक कैद्याच्या ठिकाणाचे तीन वेगवेगळे माग ठेवा, एक कधीच नको. डीसी १५ आणि +५ असेल तर एक माग सापडण्याची शक्यता ५५ टक्के; एकच ठेवलात तर जवळजवळ निम्म्या वेळा गोष्ट तिथेच थांबेल. तीन ठेवलेत तर तिन्ही चुकण्याची शक्यता ९ टक्के उरते. आणि जिवंत पकडायचं असल्याने पहिल्याच दिवशी सांगा: समोरच्याला शून्यावर आणताना बेशुद्ध करण्याची मुभा फक्त हातघाईच्या वाराला आहे. बाणाने किंवा आगीच्या गोळ्याने शून्यावर आला तो गेला. धनुर्धारी खेळाडूला हे तिसऱ्या कैद्याच्या प्रेतापाशी कळायला नको.

आमच्याकडे वीस बाजूंचा फासा नाही. लुडोचे तीन फासे टाकले तर चालतील का?
— काणकोण

चालतील, पण खेळ बदलतो. तीन फाशांची बेरीज मधल्या आकड्यांकडे ओढ घेते: १० किंवा जास्त पडण्याची शक्यता ६२.५ टक्के (वीस बाजूंच्या फाशावर ५५), आणि १५ किंवा जास्त पडण्याची जेमतेम ९ टक्के (तिथे ३०). अवघड कामं जवळजवळ अशक्य होतात. त्यापेक्षा तांबोल्याची पिशवी काढा, १ ते २० च्या सोंगट्या तिच्यात ठेवा, एक काढा, वाचा आणि लगेच परत टाका. शक्यता तंतोतंत फाशाच्याच. परत टाकायला विसरलात तर शेवटी कुठले आकडे उरलेत ते खेळाडू मोजायला लागतात.

सगळ्यांनी मालिका पाहिलेली आहे. पुढे काय होणार हे सगळ्यांनाच माहीत. मग खेळायचं कशाला?
— पणजी

त्यांना परिस्थिती माहीत आहे, निर्णय अजून झालेले नाहीत. ‘गॅलेक्टिका’च्या पहिल्या भागात एक उतारूंचं यान मागे राहतं आणि नंतर ताफ्याला येऊन मिळतं, शत्रू त्याच्याच मागावर येत असावा असा संशय असतो. मालिकेत ते पाडलं जातं. तुमच्या टेबलावर मागे राहिलेलं गलबत येईल तेव्हा सगळ्यांना तो प्रसंग आठवेल, आणि आठवला तरी तोफेला बत्ती द्यायला हात कुणाचा, हे त्यांनाच ठरवावं लागेल. त्या गलबतावर कोण आहे, ते मात्र तुम्ही बदला. मालिकेतले उतारू अनोळखी होते. तुम्ही त्याआधीच्या दोन सेशनमध्ये त्या गलबतावरच्या तिघांची खेळाडूंशी ओळख करून द्या: पाणी वाटणारी बाई, मुलांना अक्षरं गिरवायला लावणारा शेणयमाम, आणि एका पात्राचे पैसे देणं असलेला तांडेल.

मालिकेतलं एखादं रहस्य जसंच्या तसं वापरायचं असेल तर ते पहिल्याच सेशनला सांगून टाका. जे सगळ्यांना माहीत आहे ते लपवण्यात डीएमची शक्ती जाते आणि खेळाडूंना माहीत नसल्याचं सोंग करावं लागतं. आणि सोंग करणारा खेळाडू आपल्या पात्राला मुद्दाम चुकीच्या वाटेने नेतो, हे दोन सेशनमध्ये दिसायला लागतं. एकच गोष्ट राखून ठेवा: बारा चेहऱ्यांपैकी कुठला चेहरा ताफ्यात आहे. ती चिठ्ठी लिहून, पाकिटात घालून, पाकिटावर सगळ्यांच्या सह्या घ्या आणि टेबलाच्या मधोमध ठेवा. शेवटच्या सेशनपर्यंत ती तिथेच असू द्या. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, नाहीतर ऑगस्टपर्यंत पाकिटाचा डिंक दमटपणाने आपोआप सुटतो.